न्यूयॉर्कचा १९६८ चा शिक्षकसंप: ओशन हिल–ब्राउन्सव्हिलचे प्रकरण

९ मे १९६८ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील ओशन हिल–ब्राउन्सव्हिल या शाळा-जिल्ह्यातल्या १९ जणांना, म्हणजे १३ शिक्षक आणि ६ पर्यवेक्षकांना, एकाच आशयाचे पत्र मिळाले. या जिल्ह्यातील तुमची सेवा संपवण्याचा ठराव स्थानिक नियामक मंडळाने केला आहे, तेव्हा पुढील नेमणुकीसाठी तुम्ही शहराच्या शिक्षण मंडळाच्या लिव्हिंग्स्टन स्ट्रीटवरील मुख्य कार्यालयात हजर व्हावे, असे त्यात म्हटले होते. कोणत्या चुकीबद्दल आणि कोणाच्या तक्रारीवरून हे होत आहे, याचा उल्लेख नव्हता. पत्र देणारे मंडळ प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन पालकांचे व कार्यकर्त्यांचे होते. ज्यांना ते मिळाले त्यांच्यात एक अपवाद वगळता सगळे गोरे, आणि त्यातले बहुसंख्य ज्यू होते. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.

त्या एका पत्रातून पुढच्या शरद ऋतूत तीन संप झाले. दहा लाखांहून अधिक मुलांच्या शाळा एकूण ३६ दिवस बंद राहिल्या आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय व ज्यू समाजांच्या संबंधांत असा दुरावा आला की पुढची कित्येक दशके या विषयावरची प्रत्येक चर्चा कधी ना कधी या प्रकरणापाशी येऊन थांबत राहिली. हे प्रकरण एकतर कृष्णवर्णीयांमधल्या ज्यूद्वेषाची कहाणी म्हणून सांगितले जाते, नाहीतर ज्यू शिक्षकांच्या आडमुठेपणाची. दोन्ही मांडण्या मला अपुऱ्या वाटतात. मूळ प्रश्न शिक्षक नेमण्याचा आणि हलवण्याचा अधिकार कोणाचा, असा होता. त्याला धर्माचे आणि वंशाचे रूप आले ते काही ठरावीक माणसांच्या ठरावीक निर्णयांमुळे, आणि ते निर्णय आज एकेक करून तपासता येतात.

वस्ती बदलली, शाळा बदलल्या नाहीत

ब्राउन्सव्हिल ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या सर्वांत दाट ज्यू वस्त्यांपैकी एक होती. पूर्व युरोपातून आलेले शिंपी, सुतार आणि लहान दुकानदार तिथे राहत. समाजवादी सभा, कामगार संघटना आणि सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) यांनी तो भाग गजबजलेला असे, आणि पिटकिन अव्हेन्यू ही त्यांची मुख्य बाजारपेठ होती. दुसऱ्या महायुद्धानंतर या कुटुंबांतली तरुण पिढी शिकली, तिला सरकारी हमीची स्वस्त गृहकर्जे मिळाली आणि ती उपनगरांकडे किंवा ब्रुकलिनच्याच अधिक बऱ्या भागांत निघून गेली. त्यांच्या जागी दक्षिणेतल्या राज्यांतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे आणि पोर्तो रिकोहून आलेली कुटुंबे राहायला आली. गृहकर्जे देणाऱ्या संस्था आणि त्यांच्या पाठीशी असलेले सरकारी नियम कृष्णवर्णीय वस्त्यांना जोखमीच्या वस्त्या ठरवत, त्यामुळे या नव्या रहिवाशांना बाहेर पडण्याचा तो रस्ता उपलब्धच नव्हता. १९६० च्या दशकात वस्ती कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन झाली, पण अनेक दुकानांचे मालक, अनेक घरमालक आणि शाळांतले बहुसंख्य शिक्षक मात्र ज्यूच राहिले. दोन समाजांची रोजची गाठ पडत होती ती शेजारी म्हणून नाही. भाडेकरू आणि मालक, गिऱ्हाईक आणि दुकानदार, पालक आणि शिक्षक अशा असमान नात्यांतच ती पडत होती, ही गोष्ट पुढच्या घटनाक्रमात सतत लक्षात ठेवावी लागते.

शाळांची अवस्था वाईट होती. वर्ग भरलेले, इमारती जुन्या, आणि मुले वाचनाच्या चाचण्यांत शहराच्या सरासरीच्या बरीच मागे. १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता, पण न्यूयॉर्कमध्ये भेदभाव कायद्याने नव्हताच. तो वस्त्यांच्या रचनेतून आणि शाळांच्या हद्दी ज्या पद्धतीने आखल्या जात त्यातून आलेला होता, म्हणून त्या निकालाने तिथे फारसे काही हलले नाही. ३ फेब्रुवारी १९६४ रोजी रेव्हरंड मिल्टन गॅलमिसन आणि बेयार्ड रस्टिन या कृष्णवर्णीय नेत्यांनी आयोजित केलेल्या बहिष्कारात साडेचार लाखांहून अधिक मुले शाळेत गेली नाहीत. नागरी हक्कांच्या काळातले हे सर्वांत मोठे आंदोलन असूनही दक्षिणेतल्या मोर्चांइतके ते लक्षात राहिलेले नाही. शिक्षण मंडळाने आश्वासने दिली आणि पाळली नाहीत. गोऱ्या पालकांनी मुलांना बसने दुसऱ्या वस्तीत पाठवण्यास विरोध केला. १९६६ मध्ये हार्लेम या मॅनहॅटनमधील कृष्णवर्णीय वस्तीत एक नवी, खिडक्या नसलेली शाळा उघडली. ती एकात्म, म्हणजे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांची एकत्र शाळा असेल असे आधी सांगितले गेले होते, प्रत्यक्षात तिच्यात फक्त वस्तीतलीच मुले येणार हे स्पष्ट झाले. तेव्हा तिथल्या पालकांनी मागणी उलटवली: गोरी मुले येणारच नसतील तर निदान शाळा आमच्या ताब्यात द्या, मुख्याध्यापक आम्ही निवडू, अभ्यासक्रमावर आमचे म्हणणे ऐका.

मराठी वाचकाला दलित पँथरमुळे ब्लॅक पँथर हे नाव परिचित आहे. त्याच वर्षांतला हा मनःस्थितीतला बदल होता. एकात्मतेची वाट पाहून थकलेल्या लोकांनी स्वतःच्या संस्थांवर स्वतःचा अधिकार मागायला सुरुवात केली होती.

एकच परीक्षा, दोन अनुभव

या प्रकरणाचे मर्म मला शिक्षकभरतीच्या परीक्षेत दिसते. न्यूयॉर्कमध्ये १८९८ पासून बोर्ड ऑफ एक्झामिनर्स ही स्वतंत्र यंत्रणा शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या परीक्षा घेऊन पात्रतायादी तयार करत असे. पक्षाच्या पुढाऱ्यांनी आपल्या माणसांना चिकटवू नये, हा तिचा हेतू होता. १९३० च्या मंदीत बड्या खासगी कंपन्या ज्यूंना नोकरी देत नसत, नामांकित विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांवर छुपी मर्यादा होती, आणि मोठमोठे पदवीधर बेकार होते. अशा वेळी फी नसलेल्या सिटी कॉलेज, हंटर कॉलेज, ब्रुकलिन कॉलेज यांतून शिकलेल्या ज्यू तरुण-तरुणींना उत्तरपत्रिकेवर आडनावाचा पूर्वग्रह चालत नाही अशी एक जागा सापडली. त्या परीक्षेतून आलेली नोकरी ही त्या पिढीची इज्जत होती. सेवाज्येष्ठता, कायमपणा, सुनावणीशिवाय बडतर्फी नाही, हे सगळे हक्क नंतर संघटनेने लढून मिळवले. युनायटेड फेडरेशन ऑफ टीचर्स ही संघटना १९६० मध्ये स्थापन झाली आणि १९६४ पासून आल्बर्ट शँकर तिचे अध्यक्ष होते.

कृष्णवर्णीय उमेदवाराला तीच परीक्षा वेगळी दिसत होती. तोंडी परीक्षेत दक्षिणेकडचा उच्चार गुण घालवत असे. मुख्याध्यापकपदाच्या परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग, आधीच्या वर्षांच्या प्रश्नांची माहिती, वरिष्ठांचे मार्गदर्शन, हे सगळे आधीपासून आत असलेल्यांच्या ओळखीतून मिळत असे. निम्म्याहून अधिक मुले कृष्णवर्णीय किंवा पोर्तो रिकन असलेल्या शहरात कृष्णवर्णीय शिक्षक दहा टक्क्यांच्या आत आणि कृष्णवर्णीय मुख्याध्यापक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ज्या यंत्रणेने एका वंचित समाजाला दार उघडून दिले, तिनेच दुसऱ्या वंचित समाजाला दाराबाहेर ठेवले. शिवाय आत गेलेल्यांना आपण केवळ गुणवत्तेवर आलो असे मनापासून वाटत होते, आणि त्यांच्या अनुभवापुरते ते खरेही होते. संघटनेच्या बाजूने ‘गुणवत्ता’ हा शब्द उच्चारला जाई तेव्हा पालकांना त्यात आपल्या मुलांच्या आणि आपल्या शिक्षकांच्या नालायकीचा निवाडा ऐकू येई.

ही संघटना वर्णद्वेष्टी नव्हती, हे इथे आवर्जून नोंदवले पाहिजे, कारण त्याशिवाय पुढची कटुता समजत नाही. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने एकात्मता टाळण्यासाठी सरकारी शाळाच बंद करून टाकल्या होत्या. १९६३ च्या उन्हाळ्यात संघटनेचे सदस्य तिथे जाऊन कृष्णवर्णीय मुलांना शिकवत होते. १९६४ मध्ये संघटनेने किंग यांना आपला पुरस्कार दिला होता, आणि शँकर स्वतः १९६५ मध्ये अलाबामातील सेल्माच्या मतदानहक्क आंदोलनात चालले होते. त्याच्या एक वर्ष आधी मिसिसिपीत जेम्स चेनी या कृष्णवर्णीय तरुणाबरोबर अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर या न्यूयॉर्कच्या दोन ज्यू तरुणांची हत्या झाली होती. ही मैत्री दिखाऊ नव्हती. मात्र दक्षिणेतल्या लढ्यात दोन्ही समाजांचा शत्रू एकच होता आणि तो बाहेरचा होता. न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये एका मित्राला हवी असलेली जागा दुसऱ्या मित्राकडे होती.

प्रयोग आणि त्यातली संदिग्धता

१९६७ मध्ये महापौर जॉन लिंडसे यांच्या प्रोत्साहनाने आणि फोर्ड फाउंडेशनच्या पैशाने तीन प्रायोगिक जिल्हे सुरू झाले: हार्लेम, दक्षिण मॅनहॅटनमधील टू ब्रिजेस, आणि ओशन हिल–ब्राउन्सव्हिल. तिसऱ्या जिल्ह्यात आठ शाळा होत्या. ऑगस्टमध्ये निवडणूक होऊन नियामक मंडळ बसले. अध्यक्ष रेव्हरंड सी. हर्बर्ट ऑलिव्हर होते आणि प्रशासक म्हणून मंडळाने ऱ्होडी मॅकॉय यांना नेमले. मॅकॉय हे अनेक वर्षे शहराच्या शाळांत काम केलेले कृष्णवर्णीय शिक्षक होते. शिस्तीच्या अडचणी असलेल्या मुलांच्या खास शाळांत त्यांनी काम केले होते, आणि वरची पायरी आपल्यासारख्याला मिळत नाही हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

मंडळाला नेमके कोणते अधिकार आहेत, हे शहराच्या शिक्षण मंडळाने कधीच लिहून दिले नाही. या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत मोठी प्रशासकीय चूक माझ्या दृष्टीने हीच आहे. अंदाजपत्रक कोणाच्या हातात, शिक्षक कोण नेमणार, नको असलेला शिक्षक हलवायचा तर कार्यपद्धती काय, या प्रत्येक प्रश्नावर पालकांना वाटत होते की आपल्याला अधिकार मिळाला आहे, आणि लिव्हिंग्स्टन स्ट्रीटला वाटत होते की आपण फक्त सल्लागार समिती बसवली आहे. मंडळाने पात्रतायादीबाहेरचे मुख्याध्यापक नेमले, आणि त्यांपैकी लुईस फुएन्टेस हे शहरातले पहिले पोर्तो रिकन मुख्याध्यापक, तर डेव्हिड ली हे पहिले चिनी-अमेरिकी मुख्याध्यापक ठरले. पर्यवेक्षकांच्या संघटनेने या नेमणुकांना लगेच न्यायालयात आव्हान दिले. त्याच सप्टेंबरात वेतन आणि वर्गातील त्रासदायक मुलांना बाहेर काढण्याचा शिक्षकांचा अधिकार या मागण्यांसाठी शिक्षक संघटनेने शहरभर संप केला. बाहेर काढली जाणारी मुले कोणाची असतील हे कृष्णवर्णीय पालकांना सांगावे लागत नव्हते. त्या संपानंतर मंडळावरच्या शिक्षक-प्रतिनिधींनी अंग काढून घेतले, आणि एकमेकांशी बोलण्याची उरलीसुरली जागाही गेली.

अशा वातावरणात मे महिन्यातली ती १९ पत्रे गेली. मंडळाचे म्हणणे असे की हे शिक्षक प्रयोगाला आतून सुरुंग लावत आहेत, आणि आम्ही कोणाला बडतर्फ केलेले नाही, फक्त आमच्या जिल्ह्यातून परत पाठवले आहे. अशा बदल्या शहरात रोज होत असत, हेही खरे होते. संघटनेचे म्हणणे असे की आरोप न सांगता आणि सुनावणी न घेता इच्छेविरुद्ध शाळेतून काढणे ही बडतर्फीच आहे, आणि आज हे चालवून घेतले तर उद्या गोऱ्या वस्तीतले पालक मंडळ कृष्णवर्णीय शिक्षकाला असेच काढील. काढलेल्यांपैकी एक, फ्रेड नॉमन, हे २७१ क्रमांकाच्या माध्यमिक शाळेतले संघटनेचे शाखाप्रमुख होते, त्यामुळे संघटनेने हा थेट आपल्यावरचा हल्ला मानला. सुमारे ३५० शिक्षक त्यांच्या पाठिंब्यासाठी बाहेर पडले.

चौकशीचे काम निवृत्त न्यायाधीश फ्रान्सिस रिव्हर्स यांच्याकडे आले. ते स्वतः कृष्णवर्णीय होते. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी निष्कर्ष दिला की त्यांच्यापुढे आलेल्या शिक्षकांवरचे आरोप सिद्ध झालेले नाहीत. कार्यपद्धतीच्या प्रश्नावर मंडळ चुकले होते, आणि कोणताही वंशीय हितसंबंध नसलेल्या माणसाने ते सांगितले होते. शाळा उघडायला तेव्हा जेमतेम दोन आठवडे होते. मंडळाने तो निर्णय मानला नाही. मॅकॉय यांनी उन्हाळ्यात बाहेर गेलेल्यांच्या जागी जवळजवळ तेवढेच नवे शिक्षक घेतले होते. या नव्या शिक्षकांतले बहुसंख्य गोरे होते आणि त्यांच्यात ज्यूही पुष्कळ होते. लांब केसांची, नुकतीच पदवी घेतलेली, युद्धविरोधी चळवळीतून आलेली ही मुले-मुली होती. ज्यूंना हाकलणे हा मंडळाचा हेतू असता तर त्याने अशी भरती केली नसती. हा मुद्दा त्या वेळी वारंवार मांडला गेला आणि वारंवार दुर्लक्षिला गेला.

छत्तीस दिवस

पहिला संप ९ सप्टेंबरला, शाळा उघडण्याच्या दिवशी सुरू झाला आणि दोन दिवसांत मिटला, कारण शिक्षण मंडळाने शिक्षकांना परत घेण्याचे मान्य केले. पण परत गेलेल्या शिक्षकांना सभागृहात जमावाने घेरून धमकावले आणि वर्ग दिले नाहीत. १३ सप्टेंबरला दुसरा संप झाला, तो महिनाअखेरपर्यंत चालला. १४ ऑक्टोबरला तिसरा सुरू झाला, आणि तो १७ नोव्हेंबरपर्यंत चालला. शहरातल्या सुमारे ५७,००० शिक्षकांपैकी ५४,००० च्या आसपास बाहेर होते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपाला बंदी करणारा टेलर कायदा आदल्याच वर्षी झाला होता, त्यामुळे संप बेकायदेशीर होता.

या आठवड्यांचे एक दृश्य समोर ठेवले की वाद किती खोल गेला होता ते कळते. शहरभरच्या शाळांना कुलूप होते, शाळेचे रखवालदारही संघटनेच्या बाजूला असल्याने अनेक ठिकाणी पालकांनी कुलपे तोडून किंवा खिडक्यांतून आत जाऊन वर्ग भरवले. आणि याच वेळी, जिच्यावरून संप चालला होता ती २७१ क्रमांकाची शाळा उघडी होती. बाहेर पोलिसांच्या रांगा, लाकडी अडथळे, संपकऱ्यांच्या आणि पालकांच्या परस्परविरोधी घोषणा, आणि आत नवे शिक्षक आफ्रिकेचा इतिहास शिकवत होते, जो त्या मुलांनी त्याआधी शाळेत कधी ऐकलेला नव्हता. ज्या पालकांना वर्षानुवर्षे शाळेच्या कार्यालयात ताटकळत ठेवले जाई, ते आता व्हरांड्यांत राखण करत होते. संघटनेच्या सभासदांना दिसत होती ती धमकावणारी गर्दी. पालकांना दिसत होती पहिल्यांदाच आपली झालेली शाळा. दोन्ही गोष्टी तिथे खरोखरच होत्या.

कृष्णवर्णीय समाजही एका बाजूला नव्हता. बेयार्ड रस्टिन आणि ज्येष्ठ कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी संघटनेची बाजू घेतली. कामगारांच्या कायदेशीर संरक्षणाशिवाय कृष्णवर्णीय कामगारालाच सर्वांत आधी फटका बसतो, अशी त्यांची आयुष्यभराची धारणा होती. चार वर्षांपूर्वी याच शहरात शाळांचा बहिष्कार उभारणाऱ्या रस्टिन यांना त्यासाठी आपल्याच लोकांकडून अतिशय कडवट टीका सोसावी लागली. उलट बाजूला कृष्णवर्णीय शिक्षकांची वेगळी संघटना मंडळाबरोबर होती, आणि तिच्या नेत्यांमध्ये आल्बर्ट व्हॅन आणि लेस कॅम्पबेल हे २७१ मधलेच शिक्षक होते.

पत्रक

शरद ऋतूत जिल्ह्यातल्या काही शिक्षकांच्या टपालखणांत एक निनावी पत्रक सापडले. कृष्णवर्णीय मुलांना त्यांचा इतिहास कृष्णवर्णीयांनीच शिकवावा, असे त्यात म्हटले होते. तिथेच ते थांबले असते तर ते एक मत ठरले असते. पण पुढे ज्यू शिक्षकांना उद्देशून ‘मध्यपूर्वेतले खुनी’ आणि ‘रक्तपिपासू शोषक’ अशा अर्थाची विशेषणे होती. १९६७ च्या जूनमधले सहा दिवसांचे युद्ध ताजे होते, आणि त्या युद्धापूर्वीच्या आठवड्यांत अमेरिकेतल्या ज्यूंनी इस्रायल नष्ट होण्याची भीती अनुभवली होती. युरोपातल्या संहाराला पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. त्या शब्दांनी काय झाले असेल हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

शँकर यांच्या संघटनेने हा मजकूर दुसऱ्या पत्रकातल्या मजकुरासोबत एकत्र छापून त्याच्या सुमारे पाच लाख प्रती शहरभर वाटल्या. तुमच्या मुलांच्या शिक्षकांबद्दल हे लोक काय म्हणतात ते वाचा, असा त्यामागचा आग्रह होता. नियामक मंडळाने ज्यूद्वेषाचा जाहीर निषेध केला, आमच्या शाळांत त्याला थारा नाही असे वृत्तपत्रात जाहिरात देऊन सांगितले, आणि जिल्ह्यातले ज्यू शिक्षकही तेच सांगत राहिले. पण पाच लाख प्रतींपुढे एका जाहिरातीचे काय चालणार? न्यूयॉर्कच्या नागरी स्वातंत्र्य संघटनेने आपल्या अहवालात प्रकरण चिघळवल्याचा दोष मुख्यतः शहराच्या शिक्षण मंडळाच्या आणि शिक्षक संघटनेच्या माथी मारला.

इथे मला माझे मत लपवावेसे वाटत नाही. पत्रक लिहिणाऱ्याने द्वेष लिहिला. तो द्वेष खरा होता, आणि ‘पीडितांचा राग’ म्हणून तो सोडून देणे हा ज्यू शिक्षकांवर अन्याय होईल. मंडळाच्या काही समर्थकांनी नेमके तेच केले. पण मूठभर टपालखणांत पडलेला कागद घराघरात नेणे हा एका जबाबदार, अनुभवी आणि अत्यंत हुशार नेत्याचा विचारपूर्वक निर्णय होता. कार्यपद्धतीच्या प्रश्नावर शँकर यांची बाजू भक्कम होती, न्यायाधीश रिव्हर्स यांचा निष्कर्ष त्यांच्या हातात होता. त्यांनी लढाई त्या मुद्द्यावर ठेवली असती तर ती शिक्षक आणि व्यवस्थापन यांच्यातली लढाई राहिली असती. पाच लाख प्रतींनंतर ब्रुकलिन आणि क्वीन्समधल्या ज्यू कुटुंबांसाठी ती आपल्या अस्तित्वाची लढाई झाली, आणि ब्राउन्सव्हिलमधल्या पालकांना कळले की त्यांनी न लिहिलेल्या वाक्यांसाठी त्यांच्या सगळ्या वस्तीला जबाबदार धरले जाणार आहे.

ऑक्टोबरच्या मध्यावर महापौर लिंडसे ब्रुकलिनच्या मिडवूड भागातल्या एका ज्यू केंद्रात बोलायला गेले तेव्हा संतप्त श्रोत्यांनी त्यांना धड बोलू दिले नाही. हे मध्यमवर्गीय, उदारमतवादी, अनेक पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारे लोक होते. लिंडसे हे उच्चभ्रू प्रोटेस्टंट, फोर्ड फाउंडेशनचे अध्यक्ष मॅकजॉर्ज बंडीही तसेच. ज्यांची मुले सरकारी शाळेत नाहीत अशा मॅनहॅटनच्या श्रीमंतांनी कृष्णवर्णीयांबद्दलच्या आपल्या सदिच्छेची किंमत ब्रुकलिनच्या शिक्षकाकडून वसूल केली, ही त्या सभागृहातली भावना होती, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. शहराची खरी सत्ता ज्यांच्याकडे होती ते या भांडणात पंचाच्या खुर्चीवर बसले होते.

कविता आणि प्रदर्शन

संप मिटल्यावर प्रकरण शमायला हवे होते. पण २६ डिसेंबर १९६८ रोजी डब्ल्यूबीएआय या नभोवाणी केंद्रावर ज्युलियस लेस्टर यांच्या कार्यक्रमात लेस कॅम्पबेल आले आणि त्यांनी एका विद्यार्थिनीची कविता वाचली. शँकर यांना उद्देशून लिहिलेल्या त्या कवितेत ज्यू मुलाच्या मरणाची इच्छा व्यक्त केलेली होती. लेस्टर यांचे म्हणणे असे की मुलांच्या मनात संपाने काय पेरले आहे ते लोकांनी ऐकावे म्हणून त्यांनी ती वाचायला सांगितली. ऐकणाऱ्यांपर्यंत तो हेतू पोचला नाही. संघटनेने केंद्राविरुद्ध तक्रार केली, आणि शहरात निदर्शने झाली. जानेवारीत मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हार्लेमवर भरवलेल्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत एका शाळकरी मुलीच्या प्रस्तावनेतल्या ज्यूंविषयीच्या वाक्यांवरून पुन्हा वादळ उठले आणि संग्रहालयाला ती पुस्तिका मागे घ्यावी लागली. लेस्टर यांनी स्वतः १९८० च्या दशकात ज्यू धर्म स्वीकारला. ज्यांच्या नावावर ज्यूद्वेषाचा शिक्का बसला होता त्यांच्या आयुष्याने घेतलेले हे वळण या प्रकरणातल्या कोणत्याही माणसाला एका वाक्यात बसवण्यापूर्वी आठवावे.

महापौरांनी न्यायाधीश बर्नार्ड बोटाइन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने जानेवारी १९६९ मध्ये सांगितले की या वादात कृष्णवर्णीयांकडून आणि गोऱ्यांकडून, दोन्हीकडून पूर्वग्रहाचे धक्कादायक दर्शन घडले. कृष्णवर्णीयांच्या टोकाच्या गटांचा द्वेष उघडावाघडा होता आणि गोऱ्यांचा अधिक झाकलेला, असा तिचा सूर होता. समितीचे हे निरीक्षण मला अचूक वाटते, आणि ते त्या वेळी दोन्ही बाजूंना आवडले नाही.

तडजोड आणि कायदा

१७ नोव्हेंबरच्या तडजोडीनुसार काढलेले शिक्षक परत आले, नियामक मंडळाचे अधिकार स्थगित झाले, जिल्ह्यावर राज्य सरकारचा विश्वस्त बसला आणि काही नव्या मुख्याध्यापकांना तात्पुरते दूर केले गेले. १९ नोव्हेंबरला शाळा उघडल्या. बुडालेले तास शाळेची वेळ वाढवून भरून काढले गेले. संघटना जिंकली होती. लिंडसे १९६९ च्या जूनमध्ये स्वतःच्या रिपब्लिकन पक्षाची प्राथमिक निवडणूक हरले, मग लिबरल पक्षाच्या तिकिटावर नोव्हेंबरमध्ये पुन्हा महापौर झाले. त्या निवडणुकीत शहरातल्या ज्यू मतदारांमध्ये फूट पडली. मॅनहॅटनमधले सुखवस्तू ज्यू बहुतांशी लिंडसेंबरोबर राहिले, तर ब्रुकलिन, क्वीन्स आणि ब्राँक्समधले अनेक कनिष्ठ मध्यमवर्गीय ज्यू पहिल्यांदाच आयरिश आणि इटालियन कॅथलिक शेजाऱ्यांच्या बाजूला उभे राहिले. राष्ट्रीय पातळीवर ज्यू मतदार पुढेही डेमोक्रॅटिक राहिले आणि नागरी हक्कांच्या कायद्यांना त्यांच्या संघटनांचा पाठिंबाही राहिला, पण सकारात्मक भरतीचा, म्हणजे वंचित गटांना प्राधान्य देण्याचा, आणि जागांच्या कोट्याचा प्रश्न १९७० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा प्रमुख ज्यू संघटना आणि कृष्णवर्णीय संघटना समोरासमोर उभ्या होत्या. कोटा म्हणजे ज्यूंना विद्यापीठाबाहेर ठेवणारी मर्यादा, ही एकांची आठवण होती, आणि परीक्षा म्हणजे आपल्याला बाहेर ठेवणारी भिंत, ही दुसऱ्यांची.

राज्य विधिमंडळाने १९६९ च्या वसंतात विकेंद्रीकरणाचा कायदा केला. शहराचे तीसेक शाळा-जिल्हे झाले, त्यांवर निवडून आलेली स्थानिक मंडळे बसली आणि तिन्ही प्रायोगिक जिल्हे संपुष्टात आले. नव्या मंडळांच्या निवडणुकांत मतदान तुटपुंजे होई, त्यामुळे संघटित गटांना, त्यांत शिक्षक संघटनेलाही, आपले उमेदवार निवडून आणणे सोपे गेले. बोर्ड ऑफ एक्झामिनर्स १९९० पर्यंत चालू राहिले. २००२ मध्ये नव्या कायद्याने शाळांचा कारभार महापौरांच्या हाती गेला आणि स्थानिक मंडळे रद्द झाली. शिक्षक निवडण्याचा आणि हलवण्याचा जो अधिकार ओशन हिलच्या पालकांनी १९६७ मध्ये आपला मानला होता, तो १९६९ च्या कायद्यानेही त्यांना दिलेला नव्हता.